टाकीचं झाकण

डॉक्टरबाईंची गाडी चौथ्यांदा टोचन करून आली, तेव्हा धाकट्या मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. तीन आठवड्यांत चार खेपा. पहिल्या दोन खेपांना बाई हसत आल्या होत्या, तिसऱ्या खेपेला नुसत्याच आल्या होत्या, आणि आज ट्रॅक्टरवरून उतरल्या त्या सरळ त्याच्या बापासमोर, अण्णांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अण्णा, काल एक वासरू गेलं,” त्या म्हणाल्या. “गाय अडली होती, आणि मी रस्त्यात गाडीत बसून घड्याळ बघत होते.”

बाई गुरांच्या डॉक्टर. डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत त्यांची रोजची फेरी, आणि त्या फेरीसाठी एकच वाहन, तेही वडिलांकडून आलेली, तीस वर्षांची जुनी कार्बुरेटरवाली गाडी. खाली रस्त्यावर ती गुणी पोरीसारखी चालायची. चढाला लागून वीस-पंचवीस मिनिटं झाली की मात्र गचके खायची, पिकअप सोडायची आणि बंद पडायची. दहा-पंधरा मिनिटं तशीच उभी ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. काल एका फेरीत चार वेळा तिचं घोडं अडलं होतं, म्हणून आज बाईंनी ती चालवत आणलीच नव्हती.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, इंजिन चालू करायला लावलं, मान वाकडी करून कान दिला आणि निकाल सांगितला.

“कार्बुरेटर.”

निकाल काही नवा नव्हता. अण्णांच्या मते गाडीला आजार दोनच, एक कार्बुरेटरचा आणि दुसरा मालकाचा. चाळीस वर्षं बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघालं होतं, त्यामुळे वाद घालायची कुणाची छाती नव्हती. नव्या गाड्या कंप्युटरवर चालायला लागल्या, आजूबाजूच्या मिस्त्र्यांनी जुन्या गाड्यांना हात लावणं सोडलं, तशी जुन्या गाड्यांची सगळी रांग अण्णांच्या दारात येऊन उभी राहिली.

धाकट्याला दिसत होतं की हा कार्बुरेटर नव्हे. दोष तिथे असता तर गाडी उभ्या जागीही रडली असती. पंचवीस मिनिटांनी उपटणारा आणि थोडी विश्रांती दिली की निवळणारा दोष हा पेट्रोलच्या वाटेतला. टाकीतून निघालेलं पेट्रोल कुठेतरी अडकत होतं आणि कार्बुरेटर बिचारा उपाशी मरत होता. हे सगळं धाकट्याच्या जिभेवर आलं आणि तिथूनच परत गेलं. तो मूग गिळून उभा राहिला. गेल्या सहा वर्षांत त्याने गिळलेल्या मुगांनी एखादं पोतं तरी भरलं असेल.

चव्वेचाळीस वर्षांच्या, कानशिलं पांढरी झालेल्या माणसाला धाकटा म्हणायचं ही थट्टाच. पण गॅरेजात मिस्त्री दोन, त्यातले वडील थोरले, म्हणून हा धाकटा. लग्न झालं, मुलगी झाली, तरी धाकटाच. गॅरेज म्हणजे दोन गोदामांच्या मध्ये उरलेली लांबट फट. पुढे शटर, मागे आंधळी भिंत, खिडकी नाही. एक गाडी आत घेतली की दुसरी बाहेर काढल्याशिवाय हलायला जागा नाही. या फटीत धाकट्याची सव्वीस वर्षं गेली होती आणि त्यातली शेवटची सहा त्याला अक्षरशः डांबून ठेवल्यासारखी वाटत होती. दाराला कुलूप मात्र त्याने स्वतःच लावलं होतं.

ते असं झालं. सहा वर्षांपूर्वी अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप, मग स्क्रूड्रायव्हर. कार्बुरेटरचं काम म्हणजे करंगळीच्या नखाएवढे जेट, बारीक सुई, कागदाचं गॅस्केट. एकदा अण्णांनी फ्लोटची पिन अर्धवटच बसवली. दुपारी ते जेवायला आणि झोपायला घरी गेले, आणि धाकट्याला गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकताना दिसलं. त्याने मुकाट्याने सगळं उघडलं, पिन नीट बसवली, फरशी पुसली. संध्याकाळी मालक येऊन अण्णांची तारीफ करून गाडी घेऊन गेला. मालक खूश, अण्णा खूश, धाकटाही खूश. तिथेच तो फसला.

कारण मग त्याची रीतच पडली. अण्णा दुपारी एकला घरी जात आणि साडेतीनला परत येत. त्या अडीच तासांत धाकटा सकाळचं अण्णांचं काम पुन्हा उघडायचा, चुकलेलं दुरुस्त करायचा आणि बंद करायचा. स्क्रूची खाच अण्णांनी जशी आडवी ठेवली असेल तशीच आडवी ठेवायची, फडकं होतं त्याच खिळ्याला अडकवायचं, पाने त्याच क्रमाने मांडायचे. खून करून आलेला माणूसही एवढी काळजी घेत नसेल. अण्णांना त्याने ताकास तूर लागू दिली नाही. परिणाम असा, की अण्णांचं नाव उलट वाढलं. सत्तरी ओलांडली तरी हात कसा सोन्यासारखा, असं म्हणत लोक लांबून यायला लागले, आणि जितके लोक येत तितका धाकटा आत आत चिणला जात होता. तो गेला असता तर आठवडाभरात सगळं उघडं पडलं असतं.

आणि जायचं तर होतं. बायको परिचारिका. तीन वर्षांपूर्वी तिची बदली पाच तासांवरच्या शहरातल्या इस्पितळात झाली आणि ती मुलीला घेऊन तिकडे गेली. धाकटा पंधरा दिवसांनी एकदा जायचा, शनिवारी रात्री पोचायचा आणि रविवारी दुपारी निघायचा. मुलगी आता दहा वर्षांची होती. तो आला की ती शहाण्या मुलीसारखी वागायची, पाणी आणून द्यायची, खुर्ची पुढे करायची, आणि त्याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटायचं. आपल्या बापाशी कोणी एवढं नीट वागत नाही.

पहिली दोन वर्षं बायको दर खेपेला विचारायची, अण्णांशी बोललास का. मग तिने विचारणं सोडलं. भांडली असती तर बरं झालं असतं, पण आता ती फोनवर गॅसच्या सिलिंडरचं बोलायची, शाळेच्या बसचं बोलायची, आणि बरं ठेवते म्हणून ठेवायची. त्या शांतपणाची धाकट्याला धास्ती वाटत होती. तिथल्या तंत्रशाळेत इंजिन शिकवायची जागा निघाली, त्याने गुपचूप अर्ज केला, निवडही झाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. होय की नाही ते शनिवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं, नाहीतर दुसरा माणूस तयार होता. महिनाभर त्याने हे भिजत घोंगडं तसंच ठेवलं होतं. आज गुरुवार होता.

अण्णांनी चौथ्यांदा कार्बुरेटर उघडला. बाई स्टुलावर बसून बघत होत्या. जेट फुंकून साफ करताना अण्णांचा हात थरथरत होता, आणि ते दिसू नये म्हणून ते कोपर पोटाशी दाबून धरत होते. धाकट्याने नजर भिंतीकडे वळवली. एक वाजत आला तेव्हा गाडी जोडून झाली, उभ्या जागी छान घुमायला लागली, आणि अण्णांनी हात पुसले.

“आता त्रास द्यायची नाही.”

“तीन वेळा हेच म्हणालात,” बाई म्हणाल्या. “मी नेणार नाही. कोणीतरी माझ्याबरोबर वरपर्यंत चला.”

अण्णांनी धाकट्याकडे बघितलं आणि एक वाजता चपला घालून ते रोजच्यासारखे घरी गेले.

अण्णा दिसेनासे झाल्यावर धाकट्याने सकाळचं काम तपासलं. एक स्क्रू सैल होता, तो आवळला. बाकी कार्बुरेटर ठणठणीत होता, चार वेळा साफ केल्यावर असणारच. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा रबरी पडदा त्याने गेल्याच आठवड्यात गुपचूप नवा टाकला होता, फिल्टरही बदलला होता. म्हणजे उरली टाकी आणि टाकीपासून पंपापर्यंतची नळी. त्याने पक्कड, पाने, हातभर नळी आणि एक रिकामी बाटली घेतली, शटर ओढलं आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसला.

गाडी बाई चालवत होत्या. पहिली वीस मिनिटं गाडी लोण्यासारखी गेली. मग एका बाजूला कापलेला कडा आणि दुसऱ्या बाजूला दगडी कठडा असा अरुंद चढ लागला, आणि पहिला गचका बसला.

“आली लहर,” बाई म्हणाल्या.

दुसरा गचका, तिसरा, आणि गाडी कड्यालगत थांबली. मागून ट्रक येत होते, त्यामुळे बाईंच्या बाजूचं दार उघडायची सोय नव्हती, आणि धाकट्याच्या बाजूला दार आणि कडा यांच्यात जेमतेम वीतभर जागा. काच अर्धीच खाली व्हायची. भर दुपारची वेळ, पत्रा तापलेला. दोन मिनिटांत दोघं घामाने निथळायला लागले.

“रोज इथेच बसते मी,” बाई म्हणाल्या. “काल तास गेला. फोन येत होते, कुठपर्यंत आलात म्हणून. मी म्हणत होते, आलेच. शेवटचा फोन आला तेव्हा ते काही विचारायच्या आधीच मला कळलं.”

 धाकटा पोट आत ओढून त्या फटीतून बाहेर सरकला आणि त्याने बॉनेट उघडलं. वेळ दवडून चालणार नव्हतं. दोष होता तो याच दहा मिनिटांत सापडला असता, नंतर तो स्वतःच पसार झाला असता.

पारदर्शक फिल्टरमध्ये तळाला थेंबभर पेट्रोल होतं. त्याने कार्बुरेटरकडे जाणारी नळी सोडवून बाटलीत धरली आणि बाईंना स्टार्टर मारायला सांगितला. नळीने एकदा थुंकल्यासारखं केलं आणि पुढे काही नाही. कार्बुरेटर निर्दोष सुटला. मग त्याने पंपाच्या मागची, टाकीकडून येणारी नळी सोडवली. तिच्यातून पेट्रोल यायला हवं होतं. आलं नाही, म्हणून त्याने नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला, आणि अंगठा आत ओढला गेला.

त्याने अंगठा काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा ओढला गेला. टाकी पेट्रोल द्यायचं सोडून उलट ओढून धरत होती. धाकटा तसाच कड्याला घासत मागे गेला आणि त्याने टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा शिरल्याचा लांबलचक आवाज झाला आणि आत ओढला गेलेला टाकीचा पत्रा ढब्ब करून जागेवर आला. तो आवाज आत बसलेल्या बाईंनाही ऐकू गेला.

झाकण हातात घेऊन धाकटा तिथेच उभा राहिला.

आठ महिन्यांपूर्वी बाईंनी तक्रार केली होती, की जुनं झाकण सैल आहे आणि मागच्या औषधांच्या पेटीला पेट्रोलचा वास लागतो. त्या जातीचं झाकण बाजारात मिळणं बंद झालं होतं. अण्णा शेजारच्या लेथवाल्याकडे दोन दिवस जाऊन बसले आणि पितळेचं झाकण करून घेऊन आले. आट्या अचूक, कडेला बोटांना पकड, आत जाड रबरी वॉशर, आणि वर आरशासारखं पॉलिश. धाकट्याने ते हातात घेतलं होतं तेव्हा त्याला भरून आलं होतं. सहा वर्षांत अण्णांच्या हातची ही एकच वस्तू होती जी त्याला दुपारी पुन्हा उघडावी लागली नव्हती. तिच्यावर त्याने दुसऱ्यांदा नजर टाकलीच नाही, कारण त्याला ती टाकायची नव्हती.

झाकणाला हवेचं भोक नव्हतं. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला लागते, नाहीतर आत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. अण्णा वास अडवायच्या नादात हवाही अडवून बसले होते. सुरुवातीला रबर कोरडं होतं, फटीतून थोडी हवा झिरपत असेल. मग पेट्रोलने रबर फुगलं आणि टाकीचं तोंड गच्च बंद झालं. गाडी उभी राहिली की कुठून तरी चोरून थोडी हवा आत शिरायची आणि पुढची काही मिनिटं निभायची.

नळ्या जोडून त्याने बाईंना स्टार्टर मारायला सांगितला. फिल्टर भरला आणि इंजिन पहिल्या झटक्याला लागलं.

“म्हणजे कार्बुरेटर नव्हताच,” बाई काचेतून म्हणाल्या.

“नव्हता.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“शंका होती.”

“किती दिवसांपासून?”

“पहिल्या दिवसापासून,” धाकटा म्हणाला.

बाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत. “त्या गोठ्यावर मला उद्या जायचंय,” त्या म्हणाल्या. “काय सांगू तिथे?”

धाकट्याने झाकण उलटं केलं. त्याच्या खिशात ब्लेड होतं. झाकणाला वरून भोक पाडलं तर ते उघड दिसलं असतं. अण्णा गाडी आली की ते झाकण फडक्याने पुसायचे, त्यांच्या नजरेतून ते सुटलं नसतं. पण आतल्या वॉशरला ब्लेडने एक बारीक खाच पाडली की तेवढीच हवा पुरली असती आणि वरून कुणालाही काही कळलं नसतं. दोन मिनिटांचं काम. अण्णांना वाटलं असतं, चौथ्यांदा साफ केलेला कार्बुरेटर लागू पडला. बाई गप्प राहिल्या असत्या, त्यांना गाडीशी मतलब. सगळं नेहमीसारखं झालं असतं.

ब्लेड रबरावर टेकवलं आणि त्याला शनिवार दिसला. शनिवारी तो त्या तंत्रशाळेला फोन करून नाही म्हणणार होता, हे त्याला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. ही एक खाच पडली की पुढची दहा वर्षंही अशीच जाणार होती, एक ते साडेतीन, एक ते साडेतीन. मुलगी वीस वर्षांची होईल आणि खुर्ची पुढे करत राहील.  कडा पाठीला टोचत होता. त्याने ब्लेड खिशात टाकलं, टाकीच्या तोंडात सैलसं फडकं कोंबलं आणि झाकण हातात घेऊन गाडीत बसला.

“वळवा,” तो म्हणाला. “अण्णांना दाखवायचंय.”

साडेतीनला दोन मिनिटं कमी असताना गाडी गॅरेजसमोर पोचली. बरोबर साडेतीनला अण्णा कोपऱ्यावरून वळून आले. बाई बाहेरच फोनवर बोलत उभ्या राहिल्या. धाकटा अण्णांच्या मागोमाग आत गेला आणि त्याने झाकण बाकावर ठेवलं. 

अण्णांनी झाकण उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, अंगठ्याने पितळ पुसलं.

“भोक नाही,” ते स्वतःच म्हणाले.

“नाही.”

“कसं विसरलो मी.”

 अण्णांनी वॉशरवरून बोट फिरवलं, पुरतं वर्तुळ, एखाद्या जागी बोट अडतंय का ते बघत.

“खाच पाडायची होतीस वॉशरला,” ते म्हणाले. “दोन मिनिटांचं काम. नेहमीसारखं.”

धाकट्याचा हात खिशातल्या ब्लेडवर गेला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझं काम मला ओळखू येत नाही होय रे? थरथरत्या हाताने बसवलेला स्क्रू संध्याकाळी बघावा तर सरळ. तू खाच जागेवर ठेवायचास, पण आवळणं माझं नसायचं.”

“कधीपासून?”

“पहिल्या महिन्यापासून असेल.”

“मग ते दुपारी झोपायला जाणं?”

“झोप कसली येते? जेवायला वीस मिनिटं. मग न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायचो, साडेतीनपर्यंत. त्याचं सगळं वर्तमानपत्र पाठ व्हायचं. एकदा तो म्हणाला, अण्णा, डोक्यावर केस उरलेत किती ते सांगा, म्हणजे रोज एकेक कापतो.” अण्णांना हसू आलं नाही. “तुला वेळ मिळायला हवा ना.”

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं तो चोरासारखा ज्याच्यापासून लपवत होता तोच माणूस न्हाव्याच्या दुकानात बसून त्याला चोरीसाठी वेळ देत होता.

“एकदा बोलायचं होतंत,” तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. “एकदा. मी सुटलो असतो, अण्णा. माझी पोर मला पाहुण्यासारखी वागवते. तुम्हाला दिसत नव्हतं?”

“दिसत होतं.”

“तरी?”

“तरी.” अण्णांनी झाकण बाकावर ठेवलं आणि पहिल्यांदाच उजवा हात न लपवता उघड्यावर टेकवला. तो बाकावर थडथडत होता. “बोललो असतो तर तू गेला असतास.”

 बापाने माफी मागितली नव्हती, सबबही सांगितली नव्हती. जे होतं ते बाकावर ठेवलं होतं.

“मला तिकडे नोकरी लागलीय,” धाकटा म्हणाला. “सोमवारी रुजू होतोय.”

तो विचारत नव्हता, सांगत होता, हे अण्णांना कळलं. त्यांनी मान हलवली, झाकण शिकंज्यात अडकवलं आणि ड्रिल उचललं. धाकट्याचा हात सवयीने पुढे झाला.

“सोड,” अण्णा म्हणाले.

“टोक सरकेल.”

“सरकू दे. माझी चूक आहे, भोकही माझंच असू दे.”

टोक सरकलंच. पॉलिशवरून कर्कश आवाज करत ते बोटभर घसरलं आणि पितळेवर वाकडा ओरखडा उठला. अण्णांनी दात आवळले, दोन्ही हातांनी ड्रिल धरलं, सगळं वजन त्याच्यावर टाकलं आणि भोक पाडलं. मध्यापासून चांगलं लांब, पण आरपार. त्यांनी झाकण ओठांशी नेऊन फुंकर मारली. हवा पलीकडे गेली.

मग ते झाकण घेऊन बाहेर गेले. धाकटा दारात उभा राहिला. बाईंनी फोन खाली केला.

“बाई, गाडी आता बंद पडायची नाही,” अण्णा म्हणाले. “दोष या झाकणात होता आणि झाकण मी केलं होतं. काल ते वासरू गेलं ते माझ्यामुळे. उद्या त्या गोठ्यावर मला घेऊन चला, मीच सांगेन त्यांना.” समोरच्या दुकानातली दोन-तीन माणसं बघत होती. अण्णांनी आवाज कमी केला नाही. “आणि कार्बुरेटरची बारीक कामं मी बंद करतोय. माझा हात गेलाय. सहा वर्षं झाली जाऊन.”

बाईंनी झाकण घेतलं, त्यावरचा ओरखडा बघितला आणि गाडीच्या मागे जाऊन स्वतःच बसवलं. मग गाडी चालू करून त्या निघाल्या.

अण्णा आत येऊन स्टुलावर बसले. एवढ्या वेळात त्यांचं वय दहा वर्षांनी वाढल्यासारखं दिसत होतं, आणि धाकट्याला त्यांचा राग आणि त्यांची कीव इतकी एकदम आली की त्याने तोंड फिरवून फोन काढला. एरवी घरचा फोन तो शटरबाहेर जाऊन करायचा. आज तिथेच, बाकाला टेकून केला.

“काय झालं?” बायकोने घाबरून विचारलं. “या वेळेला फोन? अण्णा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. मी येतोय. रविवारी.”

“बरं,” ती म्हणाली. मागे इस्पितळात कोणीतरी तिला हाक मारत होतं. “किती दिवस आहेस? त्याप्रमाणे मी ड्यूटी लावून घेते.”

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती, पाहुण्याची असते तशी.  चार हातांवर अण्णा बसले होते आणि त्यांची नजर त्याच्यावर होती.

“राहायलाच येतोय,” तो म्हणाला, अण्णांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. पलीकडे तिने हाक मारणाऱ्याला थांबायला सांगितलं. मग ती म्हणाली, “पोरीला आत्ताच सांगणार नाही मी. तू आधी ये.”